नागेशबरोबर संसार

अरुण प्रदीप बसच्या रांगेत उभा आहे. त्याच्या पुढे प्रभा नारायण. तिच्या खांद्याला पर्स, अंगावर साधीशी छापील साडी. त्याने मनात एक वाक्य जुळवून ठेवलंय. ते ओठांपर्यंत येतं, आणि नेमकी तेव्हाच बस येते. बस निघून जाते, वाक्य तोंडातच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा वाक्य. माणसांना धीट व्हायला शिकवणाऱ्या खंडाळ्याच्या कर्नलची पायरी चढायला लागेपर्यंत 'छोटी सी बात'मध्ये घडतं ते जवळपास एवढंच. यावर कुणी सिनेमा काढेल आणि तो चालेल, असं आज कुठल्या निर्मात्याला सांगून बघा.

१९७६चा हा सिनेमा. बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन, बी. आर. चोप्रांची निर्मिती, संगीत सलिल चौधरींचं आणि गाणी योगेशची. अमोल पालेकर म्हणजे अरुण, विद्या सिन्हा म्हणजे प्रभा, आणि या दोघांच्या मध्ये स्कूटर घेऊन घुसणारा नागेश शास्त्री म्हणजे असरानी. सगळेजण या सिनेमाला 'हलकाफुलका' म्हणतात. यूट्यूबवर त्याच्याखाली तेच, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तेच. मला तो हलका कधी वाटला नाही. शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारच्या हिंदी सिनेमात पहिल्यांदा बघितला. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात शेजारची दोन घरं जमिनीवर बसली होती आणि अरुणच्या प्रत्येक फजितीला खो-खो हसत होती. मी आईच्या मागे सरकून बसले होते. माझ्या पोटात काय चाललंय ते या पडद्यावरच्या माणसाला कसं कळलं, याचाच मला धक्का बसला होता.

भिडस्त माणसाची दिनचर्या फार कष्टाची असते हो. इतरांना ती दिसत नाही, कारण सगळी मेहनत आत चालते. बँकेत नोकरी लागली तेव्हा मी ठाकुरद्वारहून फोर्टला बसने जायची. कंडक्टर येईपर्यंत मी 'एक हुतात्मा चौक' हे वाक्य घोकत असे. सुट्टे पैसे मुठीत, मूठ घामेजलेली. कंडक्टर दांड्यावर पंच टकटकवत, एकेका सीटपाशी रेंगाळत पुढे येतोय. माझं वाक्य तयार आहे, आवाजाची पट्टीसुद्धा ठरली आहे. आणि हा बाबा येऊन विचारतो, "कुठून?" झालं! 'कुठून'ची तयारीच केलेली नसायची. मग मी काहीतरी पुटपुटायची, तो "मोठ्याने बोला ताई" म्हणायचा, आणि पुढच्या सीटवरचे दोघं मागे वळून बघायचे. तिकीट काढण्यात एवढी दमछाक होणारी बाई दिवसभर काउंटरला बसून लोकांना डिमांड ड्राफ्ट देत होती. काउंटरला मात्र काही वाटायचं नाही. मध्ये काच होती, आणि लोक विचारणार ते प्रश्न ठरलेले होते.

पालेकर सिनेमात येण्याआधी बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, हे मला फार नंतर कळलं आणि उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. अरुणच्या चालण्यात ते दिसतं असं माझं म्हणणं. खांदे थोडे आत, हात कुठे ठेवायचे याचा निर्णय न झालेला, समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं बोलणं संपेपर्यंत मान हलवत राहणं. ऑफिसात त्याच्या हाताखालची माणसंसुद्धा त्याला गुंडाळून ठेवतात. तो रागावत नाही असं नाही. रागावण्याचं वाक्य जुळेपर्यंत ती माणसं चहाला गेलेली असतात.

बासुदांनी सिनेमात येण्यापूर्वी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात तब्बल १८ वर्षं व्यंगचित्रं काढली. या सिनेमातल्या पुष्कळ जागा व्यंगचित्रकारालाच सुचाव्यात अशा आहेत. अरुण काळोख्या थिएटरात बसलाय, पडद्यावर धर्मेंद्र-हेमामालिनी गातायत, आणि बघता बघता त्या दोघांच्या जागी हा स्वतः आणि प्रभा. मोठ्या हिरोचे कपडे या बारक्या माणसाच्या स्वप्नात किती ढगळ होतात! बसस्टॉपवर पोस्टर 'जमीर'चं, म्हणजे चोप्रांच्याच सिनेमाचं. घरच्या घरी जाहिरात. पुढे तर अमिताभ बच्चन प्रत्यक्ष खंडाळ्याला कर्नलसाहेबांचा सल्ला घ्यायला येतो. १९७६ साली अख्खा देश ज्याच्या रागावर फिदा होता तो माणूस शिकवणी लावतोय, हा विनोद मला लहानपणी कळलाच नव्हता. त्यावर मी पुढे येईन.

मूळ गोष्ट इंग्रजांची, 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' नावाच्या १९६० सालच्या सिनेमावरून घेतलेली. तिथे टेनिसच्या कोर्टावर नायकाची फजिती होते, इथे टेबल टेनिसवर. बासुदांना या सिनेमाच्या पटकथेसाठी फिल्मफेअर मिळालं, आणि मूळ सिनेमा बघितल्यावरही मला त्यात वावगं वाटत नाही. फोर्टातल्या ऑफिसांची कारकुनी दुपार, बसची रांग, चिनी हॉटेलात मेन्यूकार्डामागे लपलेला माणूस, हे सगळं इथलंच आहे.

आता नागेशकडे वळते, कारण मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

नागेश कोणालाच आवडत नाही. तो आगाऊ आहे, प्रत्येक गोष्टीत 'मला माहीत आहे' म्हणून पुढे पुढे करतो, प्रभाला स्कूटरवर बसवून नेतो. हॉटेलात वेटर त्याच्या ओळखीचा, आणि पदार्थ कुठला मागवायचा तर म्हणे 'चिकन आलापूस'. अरुणने बिचाऱ्याने जुनी मोटरसायकल गळ्यात मारून घेतलेली. ती ऐनवेळी बंद पडते आणि प्रभा नागेशच्या मागे बसून भुर्रकन निघून जाते. रस्त्याच्या कडेला त्या धुडाशेजारी उभा राहिलेला अरुण बघून मी शाळकरी वयात नागेशला मनापासून शिव्या घातल्या होत्या.

आणि मी लग्न नागेशशी केलं.

म्हणजे ठरवून झालं, रीतसर, कांदेपोहे खाऊन. स्थळ ठाण्याचं, मुलगा औषधांच्या कंपनीत एमआर. आमच्या दोन खोल्यांत शिरला तो दारापासूनच बोलत. बाबांशी टिळक आणि गिरगावचा गणपती, आईशी पोह्यांतली कोथिंबीर, धाकट्या भावाशी कांबळीची बॅटिंग. मी विचारायचे प्रश्न आदल्या रात्री उशीत तोंड खुपसून पाठ केले होते. एकही विचारायला मिळाला नाही. 'खाली चक्कर मारून या' असं मोठ्यांनी म्हटल्यावर आम्ही जिना उतरलो, तर या माणसाने कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी त्याच्या गावाच्या नावावरून ओळख काढली. मी त्या गल्लीत जन्मले. त्या पानवाल्याचं गाव मला माहीत नव्हतं. आणि हो, खाली बजाजची स्कूटर उभी होती.

घरी मी 'बघू' म्हटलं. आमच्याकडे मुलीने 'बघू' म्हणणं म्हणजे होकार धरतात. पण मला खरंच बघायचं होतं, म्हणून पुन्हा एकदा बाहेर भेटू असा निरोप पाठवला आणि जागा मी ठरवली. जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'सामोवार'. व्हरांड्याएवढं चिंचोळं कॅफे, वेताच्या खुर्च्या, एका बाजूला हिरवळ. १९६४ ते २०१५ एवढं आयुष्य लाभलं त्याला. 'छोटी सी बात'मध्ये ते दिसतं, म्हणूनच मी ते निवडलं होतं. स्वतःच्या मैदानावर सामना ठेवावा तसं. बँकेतल्या मैत्रिणीबरोबर आधी जाऊन मी मेन्यूही पाठ करून आले होते. पुदिना चहा आणि दही वडा. हे वाक्य मी बोलणार. त्याने विचारायच्या आत बोलणार.

वेटर आला. मी तोंड उघडलं. आणि हा म्हणाला, "काय हो, रविवारी सुट्टी असते का तुम्हाला?" वेटर हसला, म्हणाला असते. मग रविवारी वेटर काय करतो, राहतो कुठे, मुलं किती, ही चर्चा सुरू झाली. माझा पुदिना चहा तिथेच. मी मान खाली घालून टेबलावरचे डाग मोजत बसले आणि मनात म्हटलं, अगदी तोच आहे हा. आता चिकन आलापूस मागवेल.

त्याने पुढची वीसेक मिनिटं काय काय विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी ऐकतच नव्हते. माझं पुढचं वाक्य जुळवत होते. भिडस्तपणाची ही बाजू कुणी बोलत नाही. आपण स्वतःला नम्र समजतो. पण मनात चोवीस तास एकाच माणसाचा विचार चालू असतो, आणि तो माणूस समोरचा नसतो. मी कशी दिसतेय, मी काय बोलणार, माझं काय हसं होईल. 'छोटी सी बात' नीट बघा, अरुणचंही हेच आहे. प्रभा त्याला किती वेळा वाट करून देते! मागे वळून बघते, हसते, रेंगाळते. हा स्वतःच्या स्वप्नात इतका गढलेला की समोरची जिवंत बाई काय म्हणतेय ते त्याला दिसत नाही. मग जा ज्योतिष्याकडे, जा बुवाकडे. तिला सोडून सगळ्यांना विचारतो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गीतकार योगेश २९ मे रोजी गेले आणि आठवड्याच्या आत, ४ जूनला, बासुदा गेले. त्या रात्री आम्ही घरात हा सिनेमा लावला. लेक तेव्हा कॉलेजात. अर्धा तास शांतपणे बघून म्हणाली, "आई, हा रोज तिच्या मागे मागे चालतोय. हा स्टॉकर आहे." मी एकदम तावातावाने बचावाला उतरले, असं नाही गं, त्या काळी वगैरे. पण तिचं म्हणणं खोडून काढता आलं नाही, आणि मला ते काढायचंही नाही. लोकलमधून, बसमधून जाणाऱ्या कुठल्या बाईला पाठलागाचा अनुभव नाही? मला स्वतःला आहे, आणि त्यात काही विनोदी नव्हतं. पाठीवर नजर असली की कळतं, आणि ती कसली आहे तेही कळतं.

प्रभालाही ते पहिल्यापासून कळलेलं आहे. तिला त्याची भीती वाटत नाही, हे बासुदा सुरुवातीलाच स्पष्ट करतात. मैत्रिणीपाशी ती त्याच्याबद्दल मिस्कील बोलते. हा आज तरी तोंड उघडणार का, याची तिला मजा वाटते, आणि थोडी वाटही बघते. अर्थात हे सगळं पटकथेने तिच्या हातात दिलंय म्हणून. खऱ्या बसस्टॉपवर ही खात्री कुठून आणायची? लेकीचा हा प्रश्न मी तसाच ठेवला. सिनेमा आवडतो म्हणून त्याची वकिली केलीच पाहिजे असं नाही.

पण मग 'न जाने क्यूँ' लागलं आणि लेकीने मोबाइल खाली ठेवला. अरुण खंडाळ्याला निघून गेलेला आहे. बसस्टॉपवर प्रभा एकटी. रोजच्या ठिकाणी तो नाही, म्हणून तिला तो जिथेतिथे दिसतो. इतका वेळ कॅमेरा अरुणच्या डोळ्यांनी बघत होता, तो इथे पहिल्यांदा तिच्या डोळ्यांनी बघतो. लताबाईंचा आवाज जराही ताण न देता चढत जातो, सलिलदांची चाल सोपी वाटत वाटत वळणं घेते. गुणगुणायला जा म्हणजे कळतं. विद्या सिन्हा या गाण्यात फारसं काहीच करत नाही. मान वळवते, चालते, थांबते. आदल्या वर्षी, २०१९च्या १५ ऑगस्टला त्या गेल्या होत्या. प्रभाची वाट बघणं अरुणइतकंच लांबलचक होतं आणि तिच्यावर कुणी हसत नव्हतं, एवढाच फरक. आमच्या वेळी बाईने पहिलं वाक्य बोलायचं नसतं, हे न सांगता ठरलेलं होतं. अरुण बोलू शकत नाही ही गंमत होते. प्रभा बोलू शकत नाही ही रीत होती, म्हणून कुणाला दिसलीच नाही.

खंडाळ्याचा भाग मला अजूनही तितकासा रुचत नाही. कर्नल झालेले अशोक कुमार धमाल करतात, त्यात शंका नाही. कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग या नावातच राष्ट्रीय एकात्मता भरलेली आहे. पण तो शिकवतो काय, तर समोरच्याला कमी कसं दाखवायचं. टेबल टेनिस चांगलं खेळायला नाही शिकवत, नागेशचं लक्ष कसं उडवायचं ते शिकवतो. परत आलेला अरुण ताठ चालतो, ऑफिसात आवाज चढवतो, हॉटेलात चॉपस्टिक्सने सफाईने खातो. टाळ्या पडतात. मला मात्र हा नवा अरुण नागेशची कार्बन कॉपी वाटतो, आणि तीही जरा फिकी. बासुदांनाही तसंच वाटलं असावं. कारण कर्नलचा शेवटचा डाव प्रभावर टाकायची वेळ येते तेव्हा अरुणचं मन धजत नाही. शिकलेलं सगळं गळून पडतं, आणि प्रभाला हवा असलेला माणूस तोच निघतो. एवढ्यासाठी खंडाळ्याचा घाट चढला होता का हा?

सामोवारची गोष्ट अर्धी राहिली. दही वडा आला, कारण त्याने वेटरलाच विचारलं, "यांना काय आवडेल?" आणि वेटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दही वडा. आणि पुदिना चहा." वाक्य अडखळत का होईना, पूर्ण आलं. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मी फार बोलतो ना?" मी म्हटलं, हो. हे मी जुळवलेलं नव्हतं. आपोआप आलं. लग्न त्याच 'हो'वर ठरलं असं मी मानते.

पण खरी गंमत लग्नानंतरची. एका पावसाळ्यात त्याचं पाकीट भिजलं म्हणून मी त्यातले कागद पंख्याखाली वाळत घालत होते. रेल्वेच्या जुन्या पासच्या प्लास्टिकच्या कव्हरात, पासच्या मागे, चार घड्यांची एक चिठ्ठी निघाली. औषधांच्या कंपनीच्या लेटरहेडचा फाडलेला तुकडा, त्याचं तिरपं अक्षर. 'वाचन काय करते. गिरगाव. सिनेमे. बदली चालेल का. पगार विचारायचा नाही.' आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: 'गप्प बसायचं नाही.'

मी ती चिठ्ठी हातात घेऊन कितीतरी वेळ हसत होते. तो आला, बघितलं आणि चक्क लाजला. मी आजवर त्याला लाजताना बघितलंय ते तेवढंच. मग कळलं की नोकरीत लागला तेव्हा डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून याच्या तळव्यांना घाम फुटायचा. आत जाऊन दोन मिनिटांत औषध गळी उतरवायचं, तेही घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाच्या. त्यावर त्याने उपाय काढला: आत शिरल्याबरोबर काहीतरी बोलायचं, काहीही. कंपाउंडरची चौकशी, भिंतीवरचं कॅलेंडर, पाऊस. शांतता पडूच द्यायची नाही. ती सवय लागली. पानवाला, वेटर, माझे बाबा, सगळे त्या सवयीचे लाभार्थी. थोडक्यात, आम्ही दोघंही घोकंपट्टी करणारेच. माझं घोकलेलं आत राहायचं, त्याचं बाहेर सांडायचं.

तेव्हापासून मी नागेशकडे जरा बारकाईने बघते. असरानींनी तो किती नेमका केलाय! त्या बडबडीत एक घाई आहे. कुणी मध्ये बोललं तर आपलं काय होईल, अशी. अरुण बदलून आल्यावर तर ती घाई उघडी पडते. जोक पडायला लागतो, हसू ताणलं जातं, डोळे प्रभाकडे जातात आणि तिथून रिकामे परत येतात. इतकी वर्षं मी त्याला खलनायक समजून बघत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या नजरेतून सुटलेलं.

आणि अमिताभचा विनोदही तेव्हाच कळला. खंडाळ्याच्या त्या बंगल्यात पडद्यावरचा सगळ्यात धीट माणूस येऊन जातो, आणि शेवटी तिथे पोचतो कोण, तर नागेश शास्त्री. हरलेला, स्कूटरवाला, सगळं माहीत असलेला नागेश कर्नलसाहेबांकडे नाव घालायला येतो. इथे आमच्याकडे दरवेळी एकच प्रतिक्रिया उमटते. नवरा पाय खुर्चीवर घेऊन, शेंगदाणे चावत, पडद्याकडे बघत मनापासून विचारतो:

"अगं, हा कर्नल फी किती घेत असेल?"